चौदा हार्डडिस्का, आत तेच ते फोटो: डिडुप्लिकेशन चालू करू का?

हरभटरोडचा_स्टुडिओ | ३ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सांगलीत हरभट रोडवर आमचा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांनी सुरू केलेला. २००५ च्या पुरात निगेटिव्हची दोन कपाटं गेली. चिखलातून काढलेल्या पट्ट्या आईनं धुऊन दोरीवर वाळत घातल्या होत्या. हात लावला की वरचं चित्र बोटाला चिकटून यायचं. तेव्हापासून वडिलांचा नियम ठरला: पावसाळ्याच्या तोंडावर नवी डिस्क आणायची आणि सगळं तिच्यावर उतरवायचं. सगळं म्हणजे सगळंच, आधीच्या डिस्कवरच्या कॉप्यांसकट.

आज माझ्यासमोर चौदा डिस्का आहेत, मिळून १७ टीबी. 'लग्न २०१२', 'लग्न २०१२ कॉपी', 'लग्न २०१२ फायनल', 'फायनल नवीन'. माझ्या अंदाजानं खरा माल ८ टीबीच्या आसपास असेल.

८ टीबीच्या चार डिस्का घेतल्यात, जुना डेस्कटॉप आहे, रॅम १६ जीबी. त्यावर लिनक्स आणि झेडएफएस (डिस्कवर फायली साठवणारी फाइलसिस्टम) टाकतोय. झेडएफएसमध्ये डिडुप्लिकेशन चालू केलं की एकसारखा डेटा एकदाच साठतो असं वाचलं. चालू करू का?

सॉफ्टवेअर ओपन सोर्सच हवंय, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं. मागे एक विकतचं बॅकअप सॉफ्टवेअर वापरलं होतं. पुढे ते बंद पडलं, आणि त्याच्या फायली उघडणारं दुसरं काही मिळालंच नाही. तो अनुभव पुन्हा नको.

मिरज_जंक्शन | ३ जून, रात्री ९.५२

नका करू. सविस्तर उद्या लिहितो, ड्यूटीवर आहे.

कृष्णामाई | ३ जून, रात्री १०.१५

निगेटिव्हचं वाचून पोटात कालवलं. आमच्याही लग्नाचा अल्बम २०१९ ला गेला. माहिती काही देता येणार नाही, पण धागा वाचतेय.

तासगावकडचा | ४ जून, सकाळी ७.३०

आधी डिडुप म्हणजे काय ते कुणी साध्या भाषेत सांगेल का? बेदाण्याच्या शेडचा हिशोब ठेवतो, त्याच्या पन्नास एक्सेल आहेत. मलाही लागेल.

मिरज_जंक्शन | ४ जून, दुपारी १.०५

सांगतो. डेटाचे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्याचा हॅश काढायचा, म्हणजे त्याच्या बोटाचा ठसाच म्हणा. नवा तुकडा आला की त्याचा ठसा वहीत आहे का बघायचं. असला तर तुकडा परत साठवायचा नाही, 'हा तोच, अमक्या जागी आहे' एवढीच नोंद करायची. नसला तर साठवायचा आणि ठसा वहीत चढवायचा.

सगळी गोम त्या वहीत आहे. प्रत्येक वेळी लिहिताना ती उघडावी लागते, म्हणून ती रॅममध्ये मावली पाहिजे. झेडएफएसमध्ये एका नोंदीला साधारण ३२० बाइट धरतात. तुकडा मूळ सेटिंगप्रमाणे १२८ केबीचा. १ टीबीचे झाले ८३,८८,६०८ तुकडे, म्हणजे एका टीबीमागे अडीच जीबीची वही. स्टुडिओदादा, तुमचा वेगळा डेटा ८ टीबी म्हणताय, म्हणजे वही झाली २० जीबीची. रॅम १६. बसवा गणित.

मी एका दवाखान्याचा सर्व्हर सांभाळायचो. डिडुप माझ्याच हौसेनं चालू केलं होतं. सहा महिने झकास चाललं. वही रॅमबाहेर गेली आणि मग प्रत्येक लिखाणाला साध्या फिरत्या डिस्कवर इकडेतिकडे वाचणं सुरू झालं. एक जुना स्नॅपशॉट (डेटाची त्या वेळची जतन केलेली अवस्था) उडवायला घेतला तर मशीन दोन दिवस त्यातच. खाली ओपीडीची रांग आणि वर मी प्रॉम्प्टकडे बघत बसलेलो. आणि डिडुप बंद केलं तरी जुना डेटा तसाच राहतो. तो नव्यानं लिहून काढल्याशिवाय वही काही लहान होत नाही.

कुपवाडी | ४ जून, दुपारी ३.२०

मिरजकर, तुमचा अनुभव खरा, पण गणित अर्धंच मांडलंत.

१२८ केबी हा काही दगडावरचा नियम नाही. फोटोच्या फायली पाच-दहा-वीस एमबीच्या. डेटासेटचा रेकॉर्डसाइझ, म्हणजे तुकड्याचा आकार, १ एमबी ठेवला की नोंदी आठपट कमी. ८ टीबीला ८३ लाख नोंदी, वही अडीच जीबी. १६ जीबी रॅममध्ये आरामात बसते.

दुसरं म्हणजे झेडएफएसचं डिडुप २००९ सालचं आणि त्याची बदनामीही तेव्हापासूनची. जानेवारी २०२५ मध्ये ओपनझेडएफएस २.३ आलं, त्यात फास्ट डिडुप आहे. बदल आधी लॉगमध्ये साठतात आणि मग एकगठ्ठा वहीत चढतात, म्हणजे प्रत्येक लिखाणाला वही चाळावी लागत नाही. वही किती मोठी होऊ द्यायची त्याची मर्यादा घालता येते. ज्यांची दुसरी प्रत कधी आलीच नाही अशा जुन्या नोंदी छाटताही येतात. दहा वर्षांपूर्वी भाजलं म्हणून आजचं दूधही फुंकून प्यायचं का?

मिरज_जंक्शन | ४ जून, दुपारी ३.४१

रेकॉर्डसाइझचा मुद्दा मान्य. मी तो लक्षात घेतलाच नव्हता. तरी यांना डिडुप नकोच, का ते वेगळं आहे. संध्याकाळी.

ऊसकरी | ४ जून, सायंकाळी ६.१०

मी वाळव्याकडचा, कारखान्यात संगणक विभागात आहे. एक गोष्ट कुणी बोललं नाही: तुकडे पाडायचे कुठे?

उसाचंच घ्या. दोन सारखे ऊस घेतले आणि बुडख्यापासून फूटपट्टी लावून फुटाफुटावर तोडले, तर दोन्हीचे तुकडे सारखे निघतील. आता एका उसाला बुडख्याशी चार बोटं जास्त आहेत असं धरा. फूटपट्टीनं तोडलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे तुकडे चार बोटं सरकतात, एकही जुळत नाही. पण फूटपट्टी फेकून पेरावर तोडलं, तर बुडख्याचं एक कांडं तेवढं वेगळं निघेल. वरची सगळी तंतोतंत तीच.

झेडएफएस फूटपट्टीनं तोडतं. बोर्ग आणि रेस्टिक ही ओपन सोर्स बॅकअप सॉफ्टवेअरं पेरावर तोडतात. त्यांचं पेर म्हणजे डेटातच सापडणारी खूण: एक छोटी खिडकी बाइट-बाइट पुढे सरकवत जायची, त्यातल्या मजकुराचा हॅश ठरावीक आकड्याला जुळला की तिथे तोड. २००१ च्या एका शोधनिबंधात संथ नेटवर्कसाठीची फाइलसिस्टम या पद्धतीनं बांधलेली आहे. रेस्टिकचा तुकडा सरासरी १ एमबीचा, बोर्गचा साधारण २ एमबीचा.

स्टुडिओच्या कामात हे कुठे येतं? फोटोला तारे दिले, ग्राहकाचं नाव टाकलं, की बरीच सॉफ्टवेअरं ते जेपेगच्या सुरुवातीलाच लिहितात. चित्र तेच, पण पुढे चारशे बाइट वाढले. डोळ्याला तोच फोटो. फूटपट्टीला मात्र संपूर्ण नवी फाइल.

हरभटरोडचा_स्टुडिओ | ४ जून, सायंकाळी ६.३५

ऊसकरीसाहेब, नाद खुळा! तारे तर आम्ही प्रत्येक लग्नात देतो. निवडीसाठी ग्राहक बसला की हजारातल्या तीनशे फोटोंना तारे.

तासगावकडचा | ४ जून, सायंकाळी ६.५०

आता डोक्यात शिरलं. उसाऐवजी द्राक्षाचं उदाहरण असतं तर अजून लवकर शिरलं असतं.

ग्रंथपाल | ४ जून, रात्री ९.२५

मला एक शंका आहे, बाळबोध असली तरी विचारते. आमच्या वाचनालयात जुन्या नाटकांच्या संहिता स्कॅन केल्या आहेत. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं त्या गावात राहतो आपण, तेव्हा एक पान जरी बदलून आलं तरी जीव तुटतो. दोन वेगळ्या तुकड्यांचा ठसा एकच निघाला तर? एकाच्या जागी दुसराच साठेल आणि कळणारही नाही.

कुपवाडी | ४ जून, रात्री १०.०५

ताई, शंका बाळबोध अजिबात नाही, आणि असं घडलेलं आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय संस्था आणि गूगल यांनी मिळून दोन वेगळ्या पीडीएफ बनवल्या, ज्यांचा शा-१ या जुन्या पद्धतीचा ठसा एकच होता. लगेच कुणीतरी त्या दोन्ही वेबकिट या ब्राउझर-इंजिनच्या प्रकल्पाच्या सबव्हर्जन (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं सॉफ्टवेअर) साठ्यात टाकल्या. सबव्हर्जन आतल्या आत शा-१ वरून सारखी फाइल एकदाच साठवायचं. साठाच बिघडला.

म्हणून आता शा-२५६ किंवा त्याहून नवे हॅश वापरतात. शा-२५६ मध्ये योगायोगानं एक जुळी जोडी निघायला २ चा १२८ वा घात एवढ्या तुकड्यांच्या घरात जावं लागेल. तेवढा डेटा अख्ख्या पृथ्वीवर नाही. तरीही धाकधूक असेल तर झेडएफएसमध्ये 'व्हेरिफाय' आहे. ठसा जुळला तरी दोन्ही तुकडे बाइटला बाइट लावून बघतं.

ग्रंथपाल | ४ जून, रात्री १०.१२

धन्यवाद. व्हेरिफायच लावीन. वेळ लागला तर लागू दे.

मिरज_जंक्शन | ४ जून, रात्री ११.३०

राहिलेलं लिहितो. लांबेल.

डिडुप चालू करण्याआधी एकच विचारायचं: सारखा डेटा रोज येतोय की एकदाच साचलाय? कुपवाडींच्याकडे वीस व्हर्च्युअल मशीन (एका संगणकात सॉफ्टवेअरनं बनवलेले वेगवेगळे संगणक) असतील आणि वीसही मशीनवर तीच ऑपरेटिंग सिस्टीम, तर रोज अपडेट आला की वीस ठिकाणी तेच लिहिलं जातं. तिथे डिडुप रोज कमावतं. स्टुडिओदादांकडे तसं नाही. उद्याच्या लग्नाचे फोटो हे उद्याच्याच लग्नाचे, कालच्या एकाही फोटोशी त्यांचा तुकडा जुळणार नाही. त्यांचा ढीग वडिलांच्या नियमानं वीस वर्षांत साचलाय. तो एकदा उपसला की संपला. एकदाच्या सफाईसाठी प्रत्येक लिखाणावर कायमचा कर कशाला भरायचा?

शिवाय डिडुपनं जागा वाचेल, गोंधळ तसाच राहील. 'फायनल' आणि 'फायनल नवीन' दोन्ही फोल्डर दिसतच राहणार. ग्राहक दारात उभा असताना खरं कुठलं ते शोधणार तुम्हीच.

म्हणून आधी सारख्या फायली शोधणारी, फाइल पातळीवरची साधनं वापरा. जेडुप्स किंवा आरडीफाइंड, दोन्ही ओपन सोर्स. आरडीफाइंडला जे फोल्डर पहिलं द्याल तेच तो मूळ धरतो, म्हणून सगळ्यात नीट लावलेली डिस्क पहिली द्या. आणि पहिल्या फेरीला ड्राय रन. नुसती यादी काढायची, पुसायचं काही नाही. हार्डलिंक करायची सोय आहे, पण तुमच्या कामाला वापरू नका: दोन नावं एकाच फाइलकडे जातात, एका जागी एडिट करून त्याच फाइलवर सेव्ह झालं की दुसरीकडचं मूळही गेलं.

पेठ_भाग | ५ जून, सकाळी ८.००

चित्रांसाठी चकाफ्का पण आहे, ओपन सोर्स, रस्टमध्ये लिहिलेलं. बाइट वेगळे असले तरी दिसायला सारखे फोटो शोधून देतं, तारेवाल्या फोटोंना कामाचं. पोलिश भाषेत नावाचा अर्थ 'उचकी'.

कृष्णामाई | ५ जून, सकाळी ८.२०

उचकी लागली म्हणजे कुणीतरी आठवण काढली. जुने फोटो शोधणाऱ्याला याहून छान नाव कुठलं!

कुपवाडी | ५ जून, सकाळी ११.१५

मिरजकरांचा 'रोज की एकदाच' हा मुद्दा मला पटला. माझं मत बदललं.

व्हर्च्युअल मशीनचा विषय निघालाच आहे तर अवांतर: आमच्याकडे वर्कशॉपच्या मशीनसाठी व्हीडीओ (VDO, फाइलसिस्टमच्या खाली डिस्कच्या पातळीवर डिडुप करणारं सॉफ्टवेअर) वापरतो. मूळ पर्माबिट कंपनीचं, २०१७ मध्ये रेड हॅटनं ते तंत्रज्ञान घेऊन खुलं केलं, आणि मे २०२४ च्या लिनक्स ६.९ कर्नलमध्ये ते आत आलं. ४ केबीचे तुकडे पाडतं. एक सावधगिरी मात्र पाळा. १ टीबीच्या डिस्कवर ३ टीबी असल्याचं ते वरच्या फाइलसिस्टमला सांगू शकतं, आणि खालची खरी जागा संपली तरी वर 'मोकळी आहे' असंच दिसतं. आमच्याकडे एकदा रात्रपाळीत खालची जागा भरली आणि सगळी मशीन एकदम थांबली. तेव्हापासून ७० टक्क्यांना फोनवर मेसेज येतो.

बॅकअप प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हरवर. मशीनच्या डिस्कचे ४ एमबीचे ठरावीक तुकडे. जुने बॅकअप उडवले तरी जागा लगेच सुटत नाही, कचरा गोळा करणारी फेरी चोवीस तासांत हात लागलेल्या तुकड्यांना धक्का लावत नाही. पहिल्यांदा बघणारा घाबरतो, म्हणून सांगितलं.

माळावरचा | ५ जून, दुपारी २.४०

विट्याहून. सगळं वाचलं. डिडुपचं शास्त्र बरोबर आहे, पण पुराचं काय?

२००५ च्या पुरानं यांच्या वडिलांना चौदा प्रती करायला शिकवलं. आता आपण सगळे मिळून त्यांना एक प्रत करायला सांगतोय. डिडुप केलेल्या साठ्यात एक तुकडा बिघडला तर तो तुकडा ज्या ज्या फायलीत आहे त्या सगळ्या गेल्या. आणि ती एकुलती पेटी हरभट रोडवर! २०१९ ला आयर्विन पुलाशी धोका पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ च्या वर. तेव्हा आम्ही विट्याहून ट्रॅक्टरनं भाकरी आणि पाणी घेऊन आलो होतो. एका दुकानातून बाई बाहेर आल्या, हातात पिशवी, पिशवीत भिजलेली हार्डडिस्क. मला विचारलं, "वाळवली तर चालेल का हो?" बॅकअपचीही डिस्क त्याच कपाटात होती, खालच्या कप्प्यात.

हरभटरोडचा_स्टुडिओ | ५ जून, रात्री ९.१०

तुमचं वाचून वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, "हा माणूस बरोबर बोलतोय. एकच ठेवणार असशील तर माझ्या चौदा मला परत दे."

ऊसकरी | ५ जून, रात्री १०.००

माळावरच्यांचा मुद्दा सगळ्यात मोठा. डिडुपमुळेच तो सुटतो बघा. चौदा प्रती एकाच खोलीत ठेवण्यापेक्षा दोन नीट साठे दोन गावांत ठेवा. पहिल्यांदा सगळा साठा डिस्कवर भरून गाडीतून न्यायचा. त्यानंतर इंटरनेटवरून फक्त नवे तुकडे जातात. एखाद्या अल्बमची दोनच पानं बदलली तर बाकीच्या पानांचं काही परत जात नाही.

स्टुडिओत विंडोजची मशीन असणार, म्हणून रेस्टिक घ्या. बोर्ग उत्तम आहे, २०१५ मध्ये ॲटिकपासून वेगळं झालं, पण विंडोजवर थेट चालत नाही. रेस्टिकमध्ये २०२२ च्या ०.१४ आवृत्तीपासून कॉम्प्रेशनही आहे. ते सगळं एन्क्रिप्ट करूनच ठेवतं. पासवर्ड हरवला तर साठा कुणालाच उघडता येणार नाही, अगदी बनवणाऱ्यालाही. कागदावर लिहून दोन घरी ठेवा.

आणि महिन्यातून एकदा चेक कमांड, तीही डेटा वाचून बघणारी. साधी चेक मुख्यतः नोंदींचा मेळ बघते, तुकडे उघडून बघत नाही.

मिरज_जंक्शन | ५ जून, रात्री १०.२०

आणि तिमाहीला एखादं लग्न खरोखर परत काढून बघा. आमच्याकडे बॅकअप रोज 'यशस्वी' म्हणायचा, रिस्टोअर मात्र कुणी करूनच बघितला नव्हता.

तासगावकडचा | ६ जून, सकाळी ७.१५

माझ्या पन्नास एक्सेलचं काय?

मिरज_जंक्शन | ६ जून, सकाळी ७.४०

दादा, पन्नास एक्सेल मिळून किती एमबी?

तासगावकडचा | ६ जून, सकाळी ७.५२

बारा.

मिरज_जंक्शन | ६ जून, सकाळी ७.५५

एक पेन ड्राइव्ह घरी, एक शेडवर. डिडुपची गरज नाही. रोज संध्याकाळी चहा घेताना कॉपी करा.

हरभटरोडचा_स्टुडिओ | २१ जून, रात्री ११.०५

मंडळी, उशिरा येतोय. मुद्दाम थांबलो होतो, काम पुरं झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

चौदाही डिस्का झेडएफएसवर उतरवल्या, डिडुप बंद, कॉम्प्रेशन चालू, रेकॉर्डसाइझ १ एमबी. उतरवायलाच नऊ दिवस गेले. डिस्क नंबर सहा मध्येच कट-कट वाजायला लागली, तिचं फोल्डर-फोल्डर करत काढलं. मग झेडडीबी या झेडएफएसच्या तपासणीच्या कमांडला कॅपिटल एस देऊन नुसता अंदाज काढला: डिडुप केलं असतं तर किती मिळालं असतं. २.०४ पट आलं, म्हणजे निम्म्याहून जास्त माल दुबार.

मग आरडीफाइंडचा ड्राय रन. यादीच इतकी लांब की वडील आणि मी दोन रात्री बसलो. पुसून झाल्यावर ८.३ टीबी उरलं. पुन्हा झेडडीबी चालवलं: १.०२. म्हणजे मिरजकर म्हणाले तसंच, ढीग उपसल्यावर डिडुपला खायला काही उरलंच नाही. धाग्याच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर मिळालं.

रेस्टिकचा दुसरा साठा विट्याला ठेवलाय. माळावरच्यांनी स्वतःहून जागा दिली, घरातल्या माळ्यावर छोटी पेटी बसवली आहे. भाडं विचारलं तर भडंग आणा म्हणाले.

आणि एक. यादी तपासताना लक्षात आलं की दुबार नसलेल्या फायलींचीही यादी काढली पाहिजे. चौदा प्रती आहेत या भरवशावर आम्ही निर्धास्त होतो, पण काही फोल्डर एकाच डिस्कवर होती, त्यातली दोन त्या वाजणाऱ्या सहा नंबरवर. एक २०११ चं लग्न, वऱ्हाड बुधगावचं. पुरानंतर ते लोक अल्बमची दुसरी प्रत मागायला आले होते आणि आम्ही शोधून, हात जोडून नाही म्हटलं होतं. नवरीच्या वडिलांचे त्यात चांगले फोटो आहेत, ते आता नाहीत. वडिलांनी रात्रीच फोन लावला. पलीकडून बराच वेळ कुणी बोललं नाही.

कृष्णामाई | २१ जून, रात्री ११.३०

कुठल्या फोल्डरमध्ये सापडलं?

हरभटरोडचा_स्टुडिओ | २१ जून, रात्री ११.३४

'डिलीट करायचे' नावाच्या.

कृष्णामाई | २१ जून, रात्री ११.४०

दादा, आमचं लग्न २००९ चं, फोटो तुमच्याकडेच काढले होते. उद्या दुकानात येऊ का?

हरभटरोडचा_स्टुडिओ | २१ जून, रात्री ११.४२

या ताई. दहाला उघडतो. तारीख आणि कार्यालयाचं नाव तेवढं सांगून ठेवा, रात्रीच शोधायला लावतो.